अन्न अंगी लागण्याचा इतिहास

मराठीत 'अन्न अंगी लागणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. पोटभर जेवूनही एखादे मूल काटकुळेच राहिले, की घरातील वडीलधारी बाई सहज म्हणून जाते, "याचं खाल्लेलं काही अंगी लागत नाही." या साध्या बोलण्यात एक मोठी जाण आहे. खाणे ही एक क्रिया आणि अंगी लागणे ही दुसरी. पहिली घडली म्हणजे दुसरी घडतेच असे नाही. या दोन क्रियांच्या मधे नेमके काय घडते हे उमगण्यास युरोपीय वैद्यकाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. आणि जे उमगले ते खात्रीलायक औषध होऊन रुग्णाच्या ताटाशेजारी येण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे. प्रस्तुत लेख त्या प्रवासाविषयी आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक; वैद्यकात आम्हांला कोणताही अधिकार नाही. या विषयाकडे वळलो ते एका सहकाऱ्यामुळे. ते अर्थशास्त्र शिकवतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाने त्यांना काही वर्षे छळले, वजन झपाट्याने उतरले, आणि अखेरीस निदान होऊन जेवणासोबत घ्यावयाच्या कॅप्सूल सुरू झाल्या. स्टाफरूममध्ये डबा उघडला की पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवण अर्धे झाले की दुसरी, हा त्यांचा नेम आम्ही पाहत आलो. एके दिवशी त्यांनी खोक्यातील घडीपत्रक वाचले. औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेले होते. घराणे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांनी कोणाला काही न सांगता कॅप्सूल बंद केल्या. त्यानंतर जे झाले त्याकडे शेवटी येऊ. परंतु "डुकराचेच का? आणि अजूनही का?" हा त्यांचा प्रश्न आमच्याही डोक्यात राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना आम्ही इतिहासात शिरलो.

प्रथम नावाचा विचार करू. ग्रीकांनी या अवयवाला 'पॅन-क्रेआस' म्हटले. म्हणजे 'सगळे मांसच', ज्यात हाड नाही, कूर्चा नाही. इंग्रजी खाटीक त्याला 'स्वीटब्रेड' म्हणतो, आणि आपल्या 'स्वादुपिंड' या शब्दावर त्याची सावली पडली असावी असे आम्हांला वाटते. हिंदीने मात्र 'अग्न्याशय' हा शब्द घेतला, म्हणजे अग्नीचे घर. एकाच अवयवाकडे एक भाषा खाटकाच्या ओट्यावरून पाहते, दुसरी यज्ञकुंडाजवळून. आयुर्वेदातील जठराग्नीची कल्पना मोठी आहे. अन्न नुसते पोटात जाऊन भागत नाही, ते 'पचावे' लागते, आणि पचनाची शक्ती मंदावली तर खाल्लेले विष होते, हा विचार चरक-वाग्भटांच्या परंपरेत स्पष्ट आहे. परंतु त्यावरून स्वादुपिंडाचे कार्य आपल्या पूर्वजांस ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. प्राचीन ग्रंथांतील 'क्लोम' म्हणजेच स्वादुपिंड काय, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. कल्पना असणे वेगळे आणि नळी सापडणे वेगळे.

ती नळी सापडली १६४२ साली, इटलीतील पादुआ येथे. योहान गेओर्ग विर्सुंग हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहाचे विच्छेदन करत असता, स्वादुपिंडातून आडवी जाऊन लहान आतड्याच्या आरंभी उघडणारी एक नलिका त्याच्या दृष्टीस पडली. तोवर गेलेनपासून चालत आलेली समजूत अशी की, हा अवयव म्हणजे मागील रक्तवाहिन्यांना आधार देणारी गादी आहे. विर्सुंगने नलिकेचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याच्या प्रती युरोपातील नामवंतांना पाठवल्या आणि विचारले: ही रोहिणी की नीला? हिच्यात रक्त तर मला कधीच दिसले नाही! उत्तर मिळण्याआधीच, १६४३ च्या ऑगस्टमध्ये, त्याच्या घराच्या दाराशी त्याला गोळी घालून ठार करण्यात आले. नलिकेला त्याचे नाव मिळाले. पण ती कशासाठी आहे हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही.

पुढील दोनशे वर्षांत प्रगती झाली ती अडखळत. १६६४ साली रेग्निये द ग्राफ या तरुण डच वैद्याने कुत्र्याच्या नलिकेत पिसाची पोकळ नळी बसवून स्वादुपिंडाचा रस गोळा केला, परंतु तो आंबट असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला. १६८३ साली ब्रुनर या स्विस संशोधकाने कुत्र्यांचे स्वादुपिंड बरेचसे कापून काढले. कुत्री जगली, म्हणून हा अवयव जगण्यास अनावश्यक आहे असे त्याने जाहीर केले. थोडीशी ग्रंथी मागे राहिली तरी ती कसे निभावते, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच्या प्रयोगाचा खरा अर्थ तीनशे वर्षांनी लागावयाचा होता.

कोडे सुटले ते एका सशामुळे. माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात जवळजवळ एकाच ठिकाणी उघडतात. त्यामुळे चरबी पचते ती कोणत्या रसाने हे सांगता येत नाही. सशात मात्र स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या सुमारे एक फूट खाली उघडते. पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार याने सशाला चरबी खाऊ घालून त्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्यातून रस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या. पण त्या स्वादुपिंडाची नलिका उघडते त्या जागेच्या खालीच. त्याच्या वर, जिथे केवळ पित्त मिसळले होते तिथे, त्या स्वच्छ होत्या. १८४९ च्या सुमारास त्याने हे मांडले आणि १८५६ मध्ये स्वादुपिंडावर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. चरबी अंगी लागते ती या रसामुळे. पित्ताचेही त्यात साहाय्य असते हे पुढे सिद्ध झाले. पण बंद दार उघडले ते बेर्नारने. या ज्ञानाची किंमत प्राण्यांनी मोजली, आणि काही प्रमाणात त्याच्या घरानेही. त्याची पत्नी जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांची कट्टर विरोधक होती आणि अखेरीस दोघे विभक्त झाले. आमच्या सहकाऱ्याला पडलेला प्रश्न पॅरिसमधील त्या घरातही वेगळ्या रूपाने विचारला गेला होता, हे लक्षात ठेवावे.

बेर्नारनंतर गोष्टी भराभर घडल्या. १८५७ मध्ये कोर्विसार याने प्रथिनांचे पचनही याच रसाने होते हे दाखवले. १८७६ मध्ये जर्मनीतील क्यूने याने त्यातील प्रथिने तोडणाऱ्या घटकाला 'ट्रिप्सिन' असे नाव दिले. 'एन्झाइम' हा शब्दही त्याच्याच लेखणीतून आला. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी 'विकर' हा शब्द रूढ केला. विकर आणि विकार यांत एका कान्याचे अंतर. आणि या रोगात दोघांचे नाते खरोखर तितकेच निकटचे आहे. चरबीसाठी लायपेज, पिष्टासाठी अमायलेज आणि प्रथिनांसाठी ट्रिप्सिन व त्याची भावंडे, असा हा संसार आहे. यांतील लायपेज सर्वांत नाजूक.

ग्रंथी निकामी झाली तर दुसऱ्या प्राण्याची ग्रंथी खाऊ घालावी, हा विचार यानंतर सुचणे स्वाभाविक होते. १८६४ साली फ्लेस या डच वैद्याने एका मधुमेही रुग्णास वासराच्या स्वादुपिंडाचे मिश्रण दिले, आणि त्याच्या मलातून जाणारी चरबी थांबली. १८९० मध्ये आबेलमान याने स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना डुकराचे कच्चे स्वादुपिंड चारून त्यांचे पचन सुधारते हे मोजून दाखवले. दरम्यान लंडनमध्ये होरेस डोबेल यांनी 'पॅन्क्रिॲटिक इमल्शन' चक्क क्षयरोगावर देण्यास सुरुवात केली होती. चरबी अंगी न लागणे हेच क्षयाचे मूळ, असा त्यांचा तर्क होता. तर्क फसला, पण औषधाला बाजार मिळाला. मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यांनी १८८० च्या व्याख्यानांत अधिक मूलगामी अडचण सांगितली. पोटातील आम्लात स्वादुपिंडाचा अर्क टिकतच नाही. म्हणून त्यांनी दूध आणि पेज बाहेरच अर्काने पचवून मग रुग्णास देण्याची पद्धत सुचवली. पोटाचे काम पातेल्यात करून घेण्याचा हा प्रकार होता. जठरात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची गोळी हॅम्बुर्गच्या उन्ना यांनी १८८४ मध्ये केली खरी. परंतु अखंड गोळी जठरातच रेंगाळते आणि अन्न पुढे निघून गेल्यावर मागाहून पोहोचते. वऱ्हाड जेवून उठल्यावर आचारी यावा, तशी गत.

यापुढचा अध्याय आम्हांला सर्वांत मार्मिक वाटला. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्हस्की आणि फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड संपूर्ण काढले असता त्याला मधुमेह झाला. म्हणजे या एकाच अवयवाची कामे दोन: नळीतून आतड्यात सोडायचे पाचक रस, आणि परस्पर रक्तात सोडायचे काहीतरी दुसरे. हे 'दुसरे' म्हणजेच इन्शुलिन. ते वेगळे काढताना पहिला रस आड येत असे. ग्रंथी वाटली की त्यातील ट्रिप्सिन इन्शुलिनचा फडशा पाडील, ही भीती. १९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी काम सुरू केले ते याच अडचणीतून वाट काढण्यासाठी. ते यशस्वी झाले आणि जगभर जयजयकार झाला. परंतु त्यानंतर एक कमी ज्ञात गोष्ट घडली. स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्शुलिनवर महिनोन्‌महिने ठेवली, तेव्हा साखर आटोक्यात राहूनही ती खंगली, त्यांच्या यकृतात चरबी साठली आणि ती मेली. १९२४ मध्ये टोरोंटोच्याच मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, आणि स्वतंत्रपणे फिशर यांच्या प्रयोगांत, असे दिसले की त्यांच्या अन्नात कच्चे स्वादुपिंड मिसळले तर ती जगतात. इन्शुलिनने रक्तातील साखर आवरली, तरी अन्न अंगी लावणारे कोणी नव्हते. एका ग्रंथीच्या दोन देणग्यांपैकी एकीला नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी 'पचनाची पावडर' म्हणून औषधविक्रेत्याच्या फळीवर पडून राहिली.

या दुसरीचे मोल कळले ते लहान मुलांमुळे. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डोरोथी अँडरसन यांना स्त्री म्हणून शल्यचिकित्सेचे दार बंद झाले होते. त्या शवविच्छेदनाकडे वळल्या. 'सिलिॲक रोग' म्हणून दगावलेल्या एका मुलाचे स्वादुपिंड त्यांना तंतुमय आणि गाठींनी भरलेले आढळले. त्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि १९३८ मध्ये ४९ रुग्णांच्या आधारे एका स्वतंत्र रोगाचे वर्णन केले. तोच 'सिस्टिक फायब्रोसिस'. ही मुले खात आणि उपाशी मरत. जी तगत, त्यांना फुप्फुसांचा संसर्ग गाठी. उपचार म्हणून स्वादुपिंडाची भुकटी दिली जाई. पण ती अपुरी पडे. म्हणून चरबी पचत नाही तर चरबी देऊच नये, असा पथ्याचा नियम जगभर रूढ झाला. भुकेल्या मुलांच्या ताटातून लोणी, सायीचे दूध, तळलेले पदार्थ काढून घेण्यात आले. नियम तर्कशुद्ध दिसत होता, आणि अनेक दशके त्याला कोणी हात लावला नाही.

त्याला हात लावला तोही टोरोंटोमध्ये. डॉ. डग्लस क्रोझियर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी नियम उलटा केला. चरबी कमी करू नका, विकरे वाढवा. मुलांना भरपूर खाऊ द्या. बोस्टनमध्ये मात्र कमी चरबीचेच पथ्य चालू होते. इतर उपचार दोन्हीकडे बरेचसे सारखे. १९८८ मध्ये दोन्ही केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची क्षमता दोन्हीकडे जवळपास सारखीच. पण टोरोंटोची मुले अधिक उंच. आणि जगण्याचे मध्यक वय बोस्टनमध्ये २१ वर्षे, तर टोरोंटोत ३०. नऊ वर्षांचा हा फरक कोणत्या नव्या रेणूने पाडला नव्हता. तो पाडला होता पोटभर जेवणाने आणि ते पचवण्याच्या पुऱ्या मात्रेने. पथ्य ही आपल्याकडे सद्गुणासारखी गोष्ट मानली जाते. रुग्णाने कमी खावे, सोसावे, यात आपल्याला काही तरी नैतिक समाधान वाटते. त्या समाधानाची किंमत कधी कधी कोणाच्या आयुष्यातील नऊ वर्षे असू शकते.

मधल्या काळात ब्रुनरच्या जगलेल्या कुत्र्यांचे कोडेही सुटले. १९७३ मध्ये मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, लायपेजचे उत्पादन नेहमीच्या दहा टक्क्यांखाली घसरल्याशिवाय मलातून चरबी जाऊ लागत नाही. निसर्गाने एवढी शिल्लक ठेवली आहे. याची दुसरी बाजू अशी की, लक्षण दिसते तेव्हा ग्रंथी जवळजवळ संपलेली असते. त्याच दशकाच्या अखेरीस आजची कॅप्सूल आली. तिच्यात दीड-दोन मिलिमीटरचे शेकडो कण. प्रत्येकावर आम्लात टिकणारे आणि आतड्यात विरघळणारे आवरण. कण बारीक असल्याने ते घासाबरोबरच पुढे सरकतात. आचारी अखेर वऱ्हाडाबरोबर पोहोचला. म्हणूनच ही कॅप्सूल जेवणाआधी नाही, नंतर नाही, तर जेवतानाच घ्यावयाची असते. आज प्रौढांना मुख्य जेवणासोबत सर्वसाधारणपणे ४०,००० ते ५०,००० एकके लायपेज सुचवले जाते. अतिरेकालाही मर्यादा आहे. १९९४ मध्ये लिव्हरपूलमध्ये अतिशय तीव्र मात्रेच्या कॅप्सूल घेणाऱ्या पाच मुलांचे मोठे आतडे आकसल्याचे आढळले, आणि त्यानंतर मुलांसाठी दिवसाला प्रतिकिलो १०,००० एककांची सीमा घालण्यात आली. अमेरिकेत हे औषध १९३८ च्या कायद्यापूर्वीचे म्हणून कोणत्याही परीक्षेविना विकले जात होते. २००४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सर्व उत्पादकांना रीतसर मान्यता घेण्यास भाग पाडले, कारण बाटलीगणिक शक्ती बदलत होती.

आपल्या देशाचाही या इतिहासात एक दुःखद वाटा आहे. मद्याचा स्पर्श नसलेल्या गरीब, तरुण माणसांचे स्वादुपिंड खड्यांनी भरून जाते, असा एक रोग केरळमध्ये विपुल आढळे. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्ण तपासून त्याचे चित्र रेखाटले: बालपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह, ऐन उमेदीत मृत्यू. त्यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. मराठी वाचक ज्या संस्थेला कवितासंग्रह आणि कादंबऱ्यांसाठी ओळखतो, तिच्या यादीत हा ग्रंथ आहे हे पाहून आम्हांला आनंद झाला. या रोगाचा ठपका प्रथम टॅपिओकावर, म्हणजे आपल्या उपवासाच्या साबुदाण्याच्या कंदावर, आला. पण तो सिद्ध झाला नाही. २००२ च्या सुमारास भारतीय रुग्णांत 'स्पिंक-१' या जनुकातील दोष सापडला. ग्रंथीच्या आतच ट्रिप्सिन जागे झाले तर त्याला वेसण घालणारे प्रथिन हे जनुक घडवते. वेसण सैल झाली की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. प्रागच्या हान्स किआरी यांनी १८९६ मध्ये मांडलेली आत्मपचनाची कल्पना शतकानंतर जनुकाच्या पातळीवर भेटली ती अशी.

आता सहकाऱ्यांचा प्रश्न. इन्शुलिनही आरंभी गाय-डुकराच्या ग्रंथीतूनच काढत. १९८२ मध्ये जिवाणूंकडून घडवलेले मानवी इन्शुलिन आले आणि त्याने कत्तलखान्याचा निरोप घेतला. पाचक विकरांना ते साधलेले नाही. इन्शुलिन हा एक रेणू, अत्यल्प मात्रेत लागणारा. हे अनेक विकरांचे मिश्रण, दर घासाला भरघोस लागणारे आणि स्वस्तही हवे असणारे. सूक्ष्मजीव आणि बुरशीपासून केलेल्या लिप्रोटामेज या मिश्रणाला अमेरिकेने २०११ मध्ये मान्यता नाकारली आणि पुढील चाचण्यांतही ते तोलाचे ठरले नाही. बुरशीचे आणि पपईच्या चिकाचे पाचक आपल्याकडे सर्रास मिळतात, पण या रोगात ते डुकराच्या अर्काची जागा घेऊ शकत नाहीत. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये या कॅप्सूलचा तुटवडा पडला, तेव्हा एका प्राण्याच्या एका ग्रंथीवर किती जीव टांगलेले आहेत हे पुन्हा दिसले.

आमच्या सहकाऱ्यांनी तीन आठवडे कॅप्सूल बंद ठेवल्या. वजन सहा किलोंनी उतरले, वर्गात उभे राहवेना. त्यांना समजावणारे पुष्कळ होते, आम्हीही होतो. पण त्यांना पटली ती छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा. पिके बुडालेल्या मुलखात उपाशी उषस्तीने एका माणसाचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले, पण त्याचे उष्टे पाणी नाकारले. "कुळीथही उष्टेच नव्हते काय?" असे विचारता त्याने सांगितले की, ते न खाता मी जगलो नसतो, पाणी मात्र मला कोठेही मिळेल. ही कथा त्यांनीच आम्हांला एका दुपारी सांगितली, डबा उघडून, कॅप्सूल तळहातावर घेऊन.

ते आज नियमाने जेवतात आणि शिकवतात. मात्र त्यांची एक तक्रार आम्हांला रास्त वाटते. खाण्याच्या पुड्यावर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण असतो. औषध कशाचे आहे हे मात्र लिहून देणाऱ्याने त्यांना सांगितले नव्हते. निवड त्यांनी तीच केली असती. पण ती त्यांची असती. उषस्तीला निदान ठाऊक होते की कुळीथ उष्टे आहेत.